दप्तर कोणाच्या घरी? ताम्रपटापासून सर्व्हरपर्यंत खासगी कागदांची कहाणी

१/
आपली पत्रे, छायाचित्रे, हिशेब आणि खासगी संभाषणे आज कोणाच्या घरी ठेवलेली आहेत? फोनच्या पडद्यावर ती दिसतात. मूळ प्रत मात्र बहुधा एखाद्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर असते. ती आपल्याच यंत्रावर, आपल्याच ताब्यात ठेवण्याच्या पद्धतीला हल्ली 'सेल्फ-होस्टिंग' म्हणतात. शब्द नवा आहे, प्रश्न फार जुना. महाराष्ट्राने त्याची कोणकोणती उत्तरे शोधली, त्याविषयी हा दीर्घ धागा. 🧵

२/
प्रथम शब्दाकडे पाहू. 'दप्तर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मराठीत त्याचे तीन अर्थ झाले: कागदांचा गठ्ठा, ते कागद जेथे राहतात ती कचेरी आणि शाळकरी मुलाची पिशवी. कागद आणि कागदाचे ठिकाण या दोहोंना एकच शब्द असावा, हे सूचक आहे. कागद कोणाचा, हे पुष्कळदा तो कोठे ठेवला आहे यावरूनच ठरते.

३/
सुरुवात आमच्या धर्मापुरीपासून करू. बीड जिल्ह्यात परळी, अंबाजोगाई आणि अहमदपूर यांच्या दरम्यान हे गाव आहे. येथील केदारेश्वर मंदिर उत्तर चालुक्यकालीन स्थापत्याचा उत्तम नमुना मानले जाते. त्या काळी राजाला काही जाहीर करायचे असले, तर ते दगडावर कोरले जाई. जवळच अंबाजोगाईत यादव सेनापती खोलेश्वराचे लेख आहेत. शिलालेख म्हणजे सर्वांसाठी उघडी नोंद: येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावी, अशीच तिची योजना.

४/
त्याच काळात दुसऱ्या प्रकारची नोंदही होती: ताम्रपट. राजाने एखाद्याला जमीन किंवा गाव दान दिले की त्याचा लेख तांब्याच्या पत्र्यांवर कोरून दान घेणाऱ्याच्याच हाती दिला जाई. पुढे हक्काविषयी वाद निघाला, तर तो आपल्या घरातील पत्रे काढून दाखवी. पुरावा ज्याचा, त्याच्याच घरी. आजच्या भाषेत ही मूळ प्रत वापरकर्त्याच्या ताब्यात ठेवणारी व्यवस्था झाली.

५/
पण घरात ठेवलेला लेख खरा कशावरून? त्याचे उत्तर ताम्रपटाच्या घडणीतच होते. पत्रे एका कडीत ओवलेले असत आणि त्या कडीवर राजाची मुद्रा असे. कडी न तोडता मधला पत्रा बदलणे अवघड. आजची अंकीय सही नेमके हेच काम करते: कागद कोणाच्याही घरी असो, त्यात फेरफार झाला की तो उघडकीस येतो. खातरी देणारा आणि जपणारा वेगवेगळे असू शकतात, हा या धाग्यातील पहिला धडा.

६/
आता तेराव्या शतकात येऊ. श्रीचक्रधरांच्या आठवणी त्यांच्या अनुयायांकडून गोळा करून म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे 'लीळाचरित्र' सिद्ध केले. काळ सुमारे शके १२००, म्हणजे इ.स. १२७८. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे जायचे, ऐकायचे, नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचे, अशी त्यांची पद्धत. मराठी गद्याचा हा आद्य आणि थोर ग्रंथ. पण त्याची मूळ पोथी आज उपलब्ध नाही.

७/
चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीचे राज्य कोसळत असताना जी धामधूम झाली, तीत महानुभावांची मूळ पोथी नाहीशी झाली. ग्रंथ वाचला तो माणसांच्या स्मरणामुळे. पंथीयांना लीळा मुखोद्गत होत्या. त्यांनी त्या पुन्हा लिहून काढल्या. हिराइसा यांच्या स्मरणातून आलेला पाठ या परंपरेत विशेष मानला जातो. वेगवेगळ्या स्मरणांमुळे वेगवेगळे पाठ निर्माण झाले आणि अभ्यासकांना आजही ते जुळवून पाहावे लागतात.

८/
संगणकाच्या भाषेत सांगायचे तर सर्व्हर जळाला, पण प्रती अनेकांकडे विखुरलेल्या होत्या. त्या तंतोतंत सारख्या नव्हत्या; तरीही त्या होत्या म्हणून ग्रंथ टिकला. राजाश्रय नसलेल्या पंथाचे वाङ्मय कोणत्याही दरबारी ग्रंथालयावाचून शतकानुशतके तगले, ते या विखुरलेपणामुळे. दुसरा धडा: एकच प्रत ही प्रत नव्हेच, मग ती कितीही सुरक्षित ठिकाणी असो.

९/
पुढे महानुभावांनी आणखी एक पाऊल टाकले. त्यांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला आरंभ केला. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध 'सकळ लिपी'. ती 'सह्याद्रिवर्णन'कार रवळोव्यासांनी चौदाव्या शतकात तयार केली, अशी परंपरा आहे. तिच्याखेरीज सुंदरी लिपी, अंकलिपी, शून्यलिपी अशा आणखीही लिप्या पंथात होत्या. मराठीतील ही आद्य कूटलेखनपद्धती.

१०/
तिचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक अक्षराच्या जागी ठरवून दिलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहायचे. ज्याच्याजवळ अदलाबदलीचा तक्ता आहे तो वाचू शकेल. इतरांना ती निरर्थक अक्षरांची रांग दिसेल. कूटशास्त्रात ही सर्वांत प्राथमिक पायरी समजली जाते, कारण पुरेसा मजकूर मिळाला की अक्षरांच्या वारंवारतेवरून तिची उकल करता येते. पण जेथे मुळात कोणी उकल करायलाच बसलेले नाही, तेथे तेवढे कुलूप पुरले.

११/
या कुलपाची किंमतही मोठी होती. ग्रंथ दिसेनासे झाले, तशी पंथाची बाजूही दिसेनाशी झाली. बाहेर गैरसमज आणि कुत्सित दंतकथा पसरत राहिल्या. त्यांना उत्तर देणारे ग्रंथ मात्र मठांच्या पेट्यांत, सांकेतिक लिपीत बंद. लीळाचरित्राची दखल न घेताच मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला जात होता.

१२/
विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. पुढे काही महंतांनीही अभ्यासकांना सहकार्य दिले. मग हे भांडार खुले झाले. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. म्हाइंभटांपासून तेथपर्यंत ७०० वर्षे झाली होती.

१३/
येथे तिसरा धडा. कूटलेखन दोन्ही बाजूंनी कापते. आज कोणी आपली छायाचित्रे कुलूपबंद करून ठेवतो आणि परवलीचा शब्द कोणालाच सांगत नाही; तो गेला की त्याच्या नातवंडांच्या हाती अक्षरांची निरर्थक रांग उरते. महानुभावांनी तक्ता गुरुशिष्यपरंपरेने सांभाळला, म्हणून निदान उकल शक्य झाली. किल्ली कोणाला द्यायची, हे ठरवणे कुलूप लावण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

१४/
पुन्हा आमच्या परिसरात येऊ. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी 'पंचीकरण' हा विषय चक्क कापडावर लिहिला. ही 'पासोडी' सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. ती टिकली, कारण वारसांनी आणि शिष्यपरंपरेने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. वस्तुसंग्रहालय नाही, वातानुकूलित दालन नाही. घराण्याची निष्ठा आणि जाडजूड कापड, एवढ्याच बळावर चार शतके.

१५/
संतकवीची पासोडी हा अपवाद मानला, तरी रोजच्या व्यवहाराचे कागद कोठे राहत? गावाचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी, परगण्याचे देशपांड्याच्या घरी. जमीन, सारा, बलुते, वतन या सगळ्यांच्या नोंदी मोडीत लिहून, कापडात बांधून ठेवत. त्या गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणत. राजधानी बदलली, राजवट बदलली, तरी रुमाल माळवदाच्या घरातील त्याच कोनाड्यात राही.

१६/
मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाण्यापूर्वी थांबले पाहिजे. दप्तर गावात होते, पण गावाचे नव्हते. ज्याला मोडी वाचता येत नाही, त्या कुणब्याला आपल्याच शेताची नोंद काय आहे हे कुलकर्णी सांगेल तेवढेच कळे. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) या लेखणीच्या सत्तेवर कठोर प्रहार केले. यंत्र आपल्या अंगणात आहे एवढ्याने ते आपले होत नाही. ते वाचता आणि तपासता आले पाहिजे.

१७/
या एकाधिकारावर जुन्या व्यवस्थेत एक उतारा होता: महजर. वतनाचा वाद गोतसभेपुढे येई, साक्षी होत आणि निवाडा लिहून त्यावर सभेतील मंडळी आपापली निशाणी करीत. अक्षरओळख नसली तरी कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू अशी प्रत्येकाची खूण ठरलेली. कागदाचे वजन एका कचेरीवर अवलंबून नसे. अनेक साक्षीदारांनी तो एकाच वेळी मान्य केलेला असे.

१८/
सरकारी कागदांनाही असाच वहिवाटीचा मार्ग होता. पेशवाईतील पत्रांवर 'मोर्तब सूद', 'सुरू सूद', 'बार सूद' असे शेरे दिसतात. कागद कोठून निघाला, कोठे नोंदला गेला, याची ती पावती. मोडी शिकणाऱ्या मित्रांनो, हे शेरे सजावट समजून वगळू नका. आज ई-मेलच्या शीर्षभागात कोणत्या सर्व्हरवरून पत्र आले याची नोंद असते, तिचे हे पूर्वज म्हणता येतील.

१९/
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कागदांच्या मालकीचा प्रश्न तीव्र झाला. इंग्रज सरकारला इनामी जमिनींवर सारा हवा होता. १८५२ च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला बळ मिळाले. प्रत्येक इनामदाराने सनद दाखवावी, नाहीतर इनाम जाईल. १८५७ पूर्वीच्या काही वर्षांत सुमारे २० हजार इनामे खालसा झाली, असा आकडा इतिहासग्रंथांत दिला जातो.

२०/
क्षणभर त्या इनामदाराच्या ओसरीवर उभे राहून विचार करा. आजोबांची सनद पावसात भिजली असेल, भाऊबंदकीत दुसऱ्या घरी गेली असेल, वाळवीने खाल्ली असेल. काल जो हक्क गावाला ठाऊक होता, तो आज कागदावाचून शून्य. कागद स्वतःच्या घरी ठेवणे ही तोवर सवय होती. आता त्यावर घर चालणार की मोडणार हे ठरू लागले.

२१/
चौकशीच्या ओघात देशमुख, देशपांडे, इनामदार यांच्या घरांतील कागद मोठ्या प्रमाणावर सरकारकडे गोळा झाले. पुण्याच्या दप्तरखान्यात आजही त्यांचा स्वतंत्र विभाग आहे. त्याचे नाव 'जमाव दप्तर'. नावच बोलके आहे. ज्या कागदांनी हक्क सिद्ध व्हायचे, ते हक्कदाराच्या घरून निघून हक्क तपासणाऱ्याच्या घरी जाऊन बसले.

२२/
पुढे दीर्घकाळ हे दप्तर भारतीय अभ्यासकांना मोकळेपणाने पाहता येत नव्हते. आपल्याच पूर्वजांची पत्रे वाचायला परवानगी लागे आणि ती सहसा मिळत नसे. अखेर गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले. कोट्यवधी कागदांपैकी ही केवळ निवड, आणि तीही पेशवाई बुडाल्यानंतर शतक उलटून गेल्यावर.

२३/
सरकारी दार बंद असताना राजवाड्यांनी दुसरा मार्ग धरला. ते घरोघर हिंडले. वाई येथे मिळालेल्या कागदांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. या मालेत एकूण २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. सरकारी कुलपाबाहेरचा हा इतिहास शक्य झाला, कारण अनेक घरांनी आपले रुमाल अद्याप आपल्याकडेच ठेवले होते.

२४/
अर्थात घर हे काही आदर्श ग्रंथालय नव्हते. असंख्य रुमाल वाळवीने खाल्ले, पुरात गेले, वाटण्यांत फाटले, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला गेले. उलट पुण्याच्या दप्तरखान्यातील कागद निदान छपराखाली राहिले. तेव्हा हिशेब प्रामाणिक ठेवू: मोठ्या कचेरीत कागद टिकतो, पण हाती येत नाही, घरी तो हाती असतो, पण टिकेलच असे नाही.

२५/
हे सारे मुंबई इलाख्यातले. धर्मापुरी मात्र निजामाच्या राज्यात होती. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. हैदराबाद संस्थानाची राजभाषा आधी फारसी आणि १८८४ पासून उर्दू. इनामांच्या चौकशीला येथे 'अतियात' म्हणत. हा शब्द मराठवाड्यातील जुन्या जमिनींच्या वादांत अजून कानी पडतो. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याचा हक्क त्याला न येणाऱ्या भाषेत नोंदला जाई. अॅपच्या अटी न वाचता 'मान्य' दाबणाऱ्या आपल्या पिढीला ही स्थिती फार परकी वाटू नये.

२६/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्र घरातून निघून जाळ्यात शिरले. टपाल आणि तारायंत्र ही सरकारची मालमत्ता. १८८५ च्या तार कायद्याने संदेश अडवण्याचा, १८९८ च्या टपाल कायद्याने पत्रे रोखण्याचा अधिकार सरकारला दिला. आता कागद कोठे ठेवला एवढ्यावर भागत नव्हते. तो कोणाच्या हातून जातो, हाही प्रश्न झाला.

२७/
मराठवाड्यातील वृत्तपत्रांनी त्यावर आपले उत्तर शोधले. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ च्या सुमारास सुरू केलेल्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर निजाम सरकारने बंदी घातली, तेव्हा ते वेगळे नाव घेऊन निघाले; पुन्हा बंदी, पुन्हा नवे नाव. छपाई संस्थानाच्या हद्दीबाहेर, वाचक आत. एका पत्त्यावर बंदी येताच दुसऱ्या पत्त्यावर उभे राहणारे आजचे संकेतस्थळ याच युक्तीवर चालते.

२८/
१९४२ चे उदाहरण तर थेट आहे. 'चले जाव' आंदोलनात आकाशवाणी सरकारच्या हाती आणि वृत्तपत्रांवर नियंत्रण. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत स्वतःचे प्रक्षेपण केंद्र उभारले: काँग्रेस रेडिओ. दुसऱ्याच्या व्यासपीठावर जागा मागण्याऐवजी त्यांनी स्वतःचे यंत्रच चालवले. पकडले जाऊ नये म्हणून ते एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत राहिले.

२९/
१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला. यंत्र स्वतःचे होते, मजकूर स्वतःचा होता; माहिती फुटली ती आतल्या माणसाकडून. आजच्या सुरक्षातज्ज्ञांचा अनुभवही असाच आहे. उत्तम कुलूप आणि स्वतःचा सर्व्हर असूनही माणसाचा दुवा कच्चा राहिला, तर सारे व्यर्थ. चौथा धडा: साधनाइतकाच विश्वासाचा परिघ जपावा लागतो.

३०/
आता आपल्या काळात. इंटरनेटची मूळ रचना बरीचशी रुमालांसारखी विखुरलेली होती. १९८२ मध्ये ठरलेल्या ई-मेलच्या नियमांनुसार कोणीही स्वतःचा पत्रसर्व्हर चालवू शकतो आणि इतरांशी बोलू शकतो. १९९३ मध्ये सर्न या संस्थेने वर्ल्ड वाइड वेब सर्वांना विनामूल्य खुले केले. पुढील दोन दशकांत मात्र सोयीसाठी आपण एकेक करून आपले रुमाल काही थोड्या कंपन्यांच्या दप्तरखान्यांत नेऊन ठेवले.

३१/
ते दप्तरखाने कायमचे नव्हते. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले आणि कितीतरी मराठी समूहांतील चर्चा त्याबरोबर गेल्या. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये संपले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा खेड्यापाड्यांतील तरुणांच्या चित्रफिती एका रात्रीत दिसेनाशा झाल्या. कारणे निरनिराळी होती. वापरकर्त्याला विचारले मात्र कोणत्याच वेळी गेले नाही.

३२/
गोपनीयतेची बाजूही याच काळात उघडी पडली. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या व्यापक पाळतीची कागदपत्रे पत्रकारांच्या हाती दिली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ मध्ये अंकीय वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला.

३३/
जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपच्या नव्या गोपनीयता धोरणाने खळबळ उडाली आणि लाखो लोक सिग्नलकडे वळले. येथे एक बारकावा ध्यानात घ्या. व्हॉट्सअॅपचे संदेश २०१६ पासून सिग्नलच्याच पद्धतीने कूटबद्ध होतात. मग फरक कशात? मजकूर झाकलेला असला तरी कोण, कोणाशी, केव्हा बोलले ही नोंद उरतेच. बार सूद, सुरू सूद वाचून आम्ही इतिहासाचे विद्यार्थी जाळे उभे करतो. कंपन्याही तेच करतात.

३४/
म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. कूटलेखन ही सकळ लिपी: कागद कोठेही असो, वाचेल तो किल्लीवालाच. सेल्फ-होस्टिंग हा घरचा रुमाल: कागद कोठे राहतो, हे आपण ठरवायचे. सिग्नल पहिल्या प्रकारात बसते. त्याचे सर्व्हर त्या संस्थेचेच आहेत. घरातील छोट्या संगणकावर चालणारे नेक्स्टक्लाऊड दुसऱ्या प्रकारात.

३५/
पर्यायांची थोडक्यात ओळख. फाइल, दिनदर्शिका आणि संपर्क यांसाठी नेक्स्टक्लाऊड. मध्ये सर्व्हर न ठेवता आपलीच यंत्रे एकमेकांशी जुळवण्यासाठी सिंकथिंग. छायाचित्रांसाठी इमिच. नकाशांसाठी २००४ पासून लोकसहभागातून घडलेला ओपनस्ट्रीटमॅप. समाजमाध्यमासाठी २०१६ मध्ये आलेले मास्टोडॉन: अनेक स्वतंत्र सर्व्हर, प्रत्येकाचे नियम आपापले, तरी एकमेकांशी बोलणारे. परगणे अनेक, टपाल एक.

३६/
अडचणीही सांगितल्या पाहिजेत. वीज जाते. अनेक इंटरनेट पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे घरचा सर्व्हर बाहेरून गाठणे कठीण होते. सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत केले नाही, तर चोराला दार उघडे. डिस्क ही आजची वाळवी लागणारी वस्तू आहे. आणि घरात एकालाच हे काम येत असेल, तर तो नव्या काळाचा कुलकर्णी होतो. बाकीचे पुन्हा त्याच्या शब्दावर.

३७/
म्हणून सर्वांनी सर्व्हर उभारावा, असे म्हणणे नाही. पायरीपायरीने जाता येते. वापरात असलेल्या सेवांमधून आपला डेटा उतरवून घेण्याची सोय बहुधा असते; ती वर्षातून एकदा तरी वापरावी. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी: हा जुना, साधा नियम पाळावा. परवलीचे शब्द घरातील एका विश्वासू माणसाला कळतील अशी तजवीज करावी. हिराइसेने जे स्मरणाने केले, ते आपण डिस्कने करायचे.

३८/
इतिहासप्रेमींसाठी विशेष विनंती. मराठवाड्यातील अनेक घरांत अजून मोडीचे, उर्दूचे रुमाल आहेत. ते सापडले तर मूळ कागद हलवू नका, चिकटपट्टी लावू नका. दिवसाच्या उजेडात स्वच्छ छायाचित्रे घ्या, क्रमांक द्या, कोठे आणि कोणत्या अवस्थेत मिळाले ते टिपून ठेवा. छायाचित्रे केवळ व्हॉट्सअॅपवर पाठवून थांबू नका. तेथे प्रतिमा बारीक होते आणि मोडीची वेलांटी हरवते. एक प्रत घरी, एक नातलगाकडे, एक पुण्याचे मंडळ किंवा धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ अशा संस्थेकडे.

३९/
खासगीपणाचे भान येथेही ठेवावे. घरच्या कागदांत कर्जे असतात, भांडणे असतात, कोणाच्या जातीविषयी, कोणाच्या लग्नाविषयी कटू उल्लेख असतात. त्यांतील माणसे गेली, तरी त्यांची नातवंडे गावातच राहतात. सारे काही समाजमाध्यमावर टाकणे हा इतिहासप्रेमाचा पुरावा नव्हे. काय शिलालेखासारखे उघडे ठेवायचे आणि काय ताम्रपटासारखे घरात, याचा निर्णय कुटुंबाने विचारपूर्वक घ्यावा.

४०/
शेवटी मुद्दा असा. अठराव्या शतकातील मराठी माणूस कसा विचार करी, कशाला घाबरे, मुलाला पत्रात काय लिही, हे आपण जाणतो, कारण कोणीतरी रुमाल बांधून ठेवला. एकविसाव्या शतकातील धर्मापुरीचा इतिहास शंभर वर्षांनी लिहायला कोणी बसेल, तेव्हा त्याला आपली पत्रे कोठे मिळतील? ज्या कंपन्यांच्या दप्तरखान्यांत ती आज आहेत, त्यांची दारे तेव्हा उघडी असतील का? दप्तरखाना तरी असेल का?

४१/
राजवाड्यांना दार ठोठावायला घरे होती. आपल्यानंतरच्या संशोधकाला ठोठावण्यासाठी निदान एक दार उरावे, एवढे आपण करू शकतो. तुमच्या घरात किंवा गावात जुना रुमाल असेल, तर त्याविषयी अवश्य लिहा; मोडी वाचनात मदत लागली, तर आपल्या या मंडळींत जाणकार आहेत. धागा आवडला, तर पुढे पाठवा, आणि जमल्यास एक प्रत आपल्याकडेही उतरवून ठेवा. 🙏